तिकीट काढून स्मशानात: लंडनचं हायगेट

"आई, रविवारी हायगेटला जाऊ या, सिमेट्री बघायला. तिकिटं काढलीयेत मी," असं जावई म्हणाला तेव्हा मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. स्मशान बघायला तिकीट? आपल्याकडे मयताला जाऊन आलं की दारातच अंगावर पाणी घ्यायचं आणि मग घरात पाऊल टाकायचं. इथे आत पाऊल टाकायचेच दहा पौंडांच्या आसपास. म्हणजे अकराशेच्या वर रुपये. आणि खरं सांगायचं तर मी आयुष्यात स्मशानाची पायरी चढले नव्हते. बाबा गेले तेव्हासुद्धा आम्ही बायका चाळीच्या जिन्यापर्यंतच. पुढे पुरुष गेले.

त्यात आदल्याच आठवड्यात हात पोळलेले होते. एका टूर कंपनीच्या उघड्या बसमधून आम्हाला 'संपूर्ण लंडन' दाखवण्यात आलं. कानात घालायच्या यंत्राने अर्ध्या वाटेत मान टाकली, पावसात छत्री उघडू देईनात, आणि राणीचा राजवाडा म्हणून जे काही दिसलं ते समोरच्या बसचा पार्श्वभाग होता. त्याचे माणशी पैसे सांगत नाही, माझा मलाच राग येतो. तेव्हा आता पुन्हा तिकीट काढून कुठेही जायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पण जावयाने पुढचं वाक्य टाकलं: "मार्क्स तिथेच आहे."

मग गेले.

ते का, हे सांगितल्याशिवाय या परीक्षणाला अर्थ नाही. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवर तीन तसबिरी होत्या: विठोबा, आजोबा आणि मार्क्स. बाबा गिरणीत साचा खात्यात, लाल बावट्याचे. आजी कोकणातून आली की दसऱ्याला तिन्ही तसबिरींना गंध लावायची. बाबांनी एकदा समजावलं, "आई, हा देव नाही." आजी म्हणाली, "दाढी आहे, तेज आहे, तुझं काय जातं?" मार्क्सच्या काचेवरचा तो गंधाचा ठिपका पुढच्या दसऱ्यापर्यंत तसाच असायचा. बाबांचे थोरले भाऊ, आमचे अण्णाकाका, रत्नागिरीला. लहानपणी पतितपावन मंदिरात सहभोजनाला बसलेले, तेव्हापासून सावरकरांचे. त्यांच्या ओटीवर सावरकरांचा फोटो. गणपतीला आम्ही गावी गेलो की आरती संपून प्रसाद वाटून व्हायच्या आत दोघा भावांची जुंपायची. आम्ही पोरं मोदक खात ऐकायचो. कळायचं काहीच नाही, पण दोन दाढ्या-चष्म्यांवरून घरात भांडण आहे एवढं समजायचं.

तर हायगेट. उत्तर लंडनमधलं टेकडीवरचं उपनगर. नॉर्दर्न लाईनने आर्चवे स्टेशनला उतरायचं आणि चढ चढायचा. चढ म्हणजे चढच, मलबार हिलसारखा गाडीतून बघायचा नव्हे. मी वॉटरलो पार्क नावाच्या बागेतून गेले. ते बरं पडतं, बाकावर बसत बसत जाता येतं. बागेच्या अंगाला लागूनच स्वेन्स लेन नावाची अरुंद गल्ली आहे. तिच्या एका हाताला पूर्व दफनभूमी, दुसऱ्या हाताला पश्चिम. तिकिटाचं ठरवताना एवढं ध्यानात ठेवा: मार्क्स पूर्वेला आहे, जुनी, देखणी, वेलींनी झाकलेली बाजू पश्चिमेला. दर बदलत असतात, जाण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या.

तिकीट का, हा माझा पहिला प्रश्न. दारावरच्या गोऱ्या आजीबाई, माझ्याच वयाच्या, स्वयंसेवक असाव्यात, त्यांनी न चिडता सांगितलं. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते; माणूस आवाज न चढवता माहिती देतो तेव्हा मला त्याची किंमत कळते. गोष्ट अशी की हायगेट मुळात धंदा म्हणूनच उभं राहिलं. लंडनची वस्ती वाढली, चर्चच्या अंगणांत पुरायला जागा उरेना, तेव्हा शहराबाहेर खासगी कंपन्यांनी मोठमोठ्या दफनभूम्या काढल्या. १८३९ सालची ही त्यातली एक. टेकडीवरची हवा, खाली पसरलेलं लंडन, जागेला भाव चांगला. श्रीमंतांनी बंगला घ्यावा तशा कबरी विकत घेतल्या. पण कबर एकदाच विकता येते, गवत मात्र दरवर्षी वाढतं. पुढे कंपनीकडे पैसा राहिला नाही, झाडीने कबरी गिळल्या, आणि १९७५ साली पश्चिमेचं दार बंद करायची वेळ आली. त्याच वर्षी आसपासच्या लोकांनी मंडळ काढलं, झाडलोट हातात घेतली, आणि आज तिकिटाचा पैसा त्याच कामाला जातो. ३७ एकर, त्रेपन्न हजारांच्या आसपास कबरी आणि आत जवळपास एक लाख सत्तर हजार माणसं. एवढ्यांची झाडलोट करायची म्हणजे दहा पौंड जास्त नाहीत, असं मी मनातल्या मनात कबूल केलं. जावयाला बोलले नाही.

पूर्वेला हातात नकाशा देतात. नकाशा घेऊन पुढे धावायचं काम माझ्या नऊ वर्षांच्या नातीने घेतलं. तिच्यासाठी हा खजिन्याचा शोधच होता. पहिली कबर सापडली ती डग्लस ॲडम्सची. विज्ञानविनोदी लिहिणारा लेखक, २००१ साली गेला. जावई त्याचा भक्त. साधा करडा दगड आणि पायाशी भांडं, भांड्यात पेनं खोचलेली. शंभरेक तरी असतील: बॉलपेन, हॉटेलांतून उचललेली पेनं, एक शिसपेन्सिल, एक तर टोपण चावलेलं. वाचक येतात आणि पेन ठेवून जातात. पावसाने काहींची शाई उतरून भांड्याच्या कडेला निळा ओघळ आला होता. जावयाने खिसे चाचपले, पेन नव्हतं. आजकाल कुणाकडे असतं? माझ्या पर्समध्ये होतं, बँकेत फॉर्म भरायला लागतं म्हणून ठेवलेलं. दिलं. पाच रुपयांचं पेन लंडनला राहिलं.

तिथून पुढे जॉर्ज एलियट. नाव पुरुषाचं, बाई खरी. मेरी ॲन. लग्न झालेल्या माणसाबरोबर उघडपणे राहिली म्हणून समाजाने दूर ठेवलं. मोठमोठे लोक तिची पुस्तकं वाचायचे, पण आपल्या बायकांना तिच्या घरी पाठवायचे नाहीत. १८८० साली गेली तेव्हा मोठ्या साहित्यिकांची जागा, वेस्टमिन्स्टर ॲबे, तिला मिळाली नाही. इथे ती आहे, आणि तो माणूस, जॉर्ज लुइस, तिच्या अगदी जवळच. बरं झालं. ॲबेत एकटी पडली असती.

पॅट्रिक कॉलफिल्ड नावाच्या चित्रकाराचा दगड मला फार आवडला. दगडात पायऱ्यांसारखी चार इंग्रजी अक्षरं आरपार कोरलेली आहेत, वरून खाली वाचायची. नातीने वाचली आणि ओरडली, "आजी, इथे नुसतं 'मेला' लिहिलंय!" खरंच तेवढंच लिहिलंय. आजूबाजूला देवदूत, 'प्रिय पती', 'पुन्हा भेटू' वगैरे. त्यात हा माणूस मुद्द्याचं बोलला.

आणि मग वळणावर मार्क्स.

मोठा आहे. फोटोत कल्पना येत नाही. उंच दगडी चौथरा आणि त्यावर ब्राँझचं भलंमोठं डोकं, खांदे जवळजवळ नाहीतच. वर सोनेरी अक्षरांत तेच वाक्य, बाबा मोर्चातून घसा बसवून यायचे ते: जगातील कामगारांनो, एक व्हा. मी इंग्रजीत वाचलं आणि कानात मराठीत ऐकू आलं. लॉरेन्स ब्रॅडशॉ नावाच्या शिल्पकाराने केलेलं हे स्मारक १९५६ सालचं. मूळ कबर इथे नव्हतीच. आत बाजूच्या पायवाटेवर, कोपऱ्यात होती. १८८३ साली तिथे त्याला पुरलं तेव्हा जेमतेम दहा-अकरा माणसं होती. त्याचा मित्र एंगल्सने भाषण केलं आणि सगळे घरी गेले. ती जुनी जागाही नकाशावर आहे, तडा गेलेला आडवा दगड आहे. फार कुणी जात नाही. तुम्ही जा.

माझं लक्ष मात्र मोठ्या डोक्याकडे नव्हतं. चौथऱ्याच्या मध्यावर जुन्या कबरीवरची छोटी संगमरवरी पाटी बसवली आहे. चष्मा लावून ती वाचली. पहिलं नाव कार्लचं नाही. जेनीचं आहे, बायकोचं. ती आधी गेली, १८८१ च्या डिसेंबरात. त्याच्याखाली 'आणि कार्ल मार्क्स'. म्हणजे या दगडावर तो 'आणि' म्हणून आला आहे. बाबांनी हे वाचलं असतं तर आईला नक्की सांगितलं असतं. त्याखाली नातू, हॅरी. जन्म जुलै १८७८, मृत्यू २० मार्च १८८३. आजोबा गेले १४ मार्चला. सहा दिवसांत नातू. पाच वर्षांचाही नव्हता. मी नातीचा हात धरला, तिने सोडवून घेतला, तिला पुढे जायचं होतं. चौथं नाव हेलेना डेमुथ. ही त्यांच्या घरची कामवाली. आयुष्यभर त्यांच्याकडे राबली, आणि घरच्याच कबरीत, घरच्यांच्याच दगडावर तिचं नाव. आपल्याकडल्या किती चांगल्या चांगल्या पुरोगामी घरांत कामवालीचा कपसुद्धा वेगळा असतो, हे मी बघितलंय, म्हणून सांगते.

शेवटचं नाव मुलीचं, एलिनॉर. ती १८९८ ला गेली. तिच्या अस्थी पुढची पन्नासहून अधिक वर्षं या ना त्या पक्षाच्या कचेऱ्यांत फिरत राहिल्या, ५६ साली इथे आल्या. हे जावयाने वाचून दाखवलं. मला आमच्या आईची आठवण झाली. बाबांनी सांगून ठेवलं होतं, माझं काही करू नका, दिवस नको, पिंड नको. आईने तेरा दिवस ऐकून घेतल्यासारखं केलं आणि चौदाव्या दिवशी अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेली. एकटी. युनियनच्या लोकांना सांगितलं, बहिणीकडे चाललेय.

२०१९ साली कुणीतरी हातोडा घेऊन ही पाटी फोडायचा प्रयत्न केला. घाव दिसतात. त्याआधी ७० साली बॉम्बही झाला होता. मेल्यावर इतक्या वर्षांनी माणसाचा इतका राग यावा, म्हणजे काहीतरी जमलंच होतं त्याला.

या एका कबरीभोवती जगभरातले लोक येऊन निजले आहेत, ही सगळ्यात पाहण्यासारखी गोष्ट. चाळीत गाववाले गाववाल्यांशेजारी खोली घेतात तसं. शेजारी क्लॉडिया जोन्स, मूळची त्रिनिदादची. अमेरिकेने हाकललं म्हणून लंडनला आली आणि इथल्या काळ्या लोकांसाठी वर्तमानपत्र काढलं. थोड्या अंतरावर डॉक्टर युसुफ दादू, मूळ सुरतकडलं घर, जन्म दक्षिण आफ्रिकेत. गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध आयुष्य घालवलं आणि ८३ साली इथे परदेशात गेले. इतिहासकार एरिक हॉब्सबॉमही याच भागात. मी तिथे असताना दोन चिनी तरुण फुलं घेऊन आले, वाकून ठेवली, आणि मला म्हणाले, फोटो काढाल का. काढला. मग त्यांनी माझा काढला. मार्क्सबरोबरचा माझा एकमेव फोटो, त्यात मी डोळे मिटलेत.

आता गंमत. मार्क्सच्या बरोब्बर समोर, पायवाटेच्या पलीकडे, हर्बर्ट स्पेन्सर, इंग्रज तत्त्वज्ञ. इथले लोक हसतात, मार्क्स आणि स्पेन्सर, त्या नावाचं दुकान आहे म्हणून. दुकानाचा यांच्याशी काडीचा संबंध नाही. पण मराठी माणसाने खरं तर स्पेन्सरपाशी जास्त थांबायला हवं. आपल्या आगरकरांनी जॉन स्टुअर्ट मिल आणि स्पेन्सर हे दोघे विचारवंत पचवले होते. ज्या पुण्याने आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, त्या पुण्यात बसून ते या समोरच्या माणसाच्या जोरावर लिहीत होते. स्पेन्सरची कबर साधी, कुणी फुलं ठेवलेली नव्हती. मी मार्क्सपुढच्या गुच्छातलं एक फूल उचलून इकडे ठेवलं. आगरकरांच्या वतीने. चोरी झाली असेल तर झाली.

स्पेन्सर १९०३ च्या डिसेंबरात गेला. त्याच्या अंत्यविधीला एक भारतीय उभा राहिला आणि ऑक्सफर्डमध्ये स्पेन्सरच्या नावाने व्याख्यानं व्हावीत म्हणून हजार पौंड जाहीर केले. ते श्यामजी कृष्णवर्मा. स्पेन्सरचं वचन होतं, आक्रमणाचा प्रतिकार करणं नुसतं योग्य नाही, तर कर्तव्य आहे. ते श्यामजींनी आपल्या मासिकावर छापलं. आणि १९०५ साली याच हायगेटमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी घर उघडलं: इंडिया हाऊस, ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू. हे मला जावयाने मार्क्ससमोर उभं राहून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, थांब, म्हणजे सावरकर राहिले ते घर? ते इथे? तो म्हणाला, चालत पंधरा मिनिटं.

पण आधी पश्चिम बाजू, पैसे भरले होते ना. ती थोडक्यात सांगते, कारण ती सांगण्यापेक्षा बघायचीच आहे. इजिप्तच्या देवळासारखी कमान, तिच्यातून जाणारा अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना लोखंडी दारांच्या खोल्या, आणि पुढे गोल चर, त्यात एकाला एक लागून कबरीच्या खोल्या. अगदी चाळीसारख्या, फक्त गॅलरीत कपडे वाळत नव्हते. मायकेल फॅरेडे याच बाजूला आहे, विजेचा. त्याचा पंथ वेगळा होता, म्हणून त्याला चर्चच्या माणसांपासून बाजूला जागा. टॉम सेयर्स नावाच्या उघड्या मुठींनी लढणाऱ्या मुष्टियोद्ध्याच्या कबरीवर त्याचा कुत्रा दगडात बसलाय; अंत्ययात्रेत शोक करणाऱ्यांत मुख्य मान या कुत्र्याचा होता. नात तिथून हलायला तयार नव्हती.

एका कबरीपुढे मात्र माझं डोकं फिरलं. लिझी सिडल. चित्रकारांची मॉडेल, स्वतःही चित्रं काढायची, कविता करायची. नवरा दान्ते गॅब्रिएल रोझेटी, कवी आणि चित्रकार. ती १८६२ साली गेली तेव्हा याने दुःखाच्या भरात आपल्या कवितांची वही तिच्या केसांशी ठेवली. सगळ्यांनी वाहवा केली असणार. सात वर्षांनी त्याला पुस्तक छापायचं होतं आणि कवितांची दुसरी प्रत नव्हती. मग रात्री कबर उघडली, वही काढली, औषध लावून वाळवली, पुस्तक निघालं. स्वतः मात्र कबरीपाशी आला नाही, दुसऱ्यांना पाठवलं. आणि मेल्यावरही तिच्याजवळ नाही, दूर समुद्रकाठी वेगळा. दिलेली वस्तू परत मागू नये, एवढं तर आपण पोरांना शिकवतो.

सोयींचं म्हणाल तर वाटा कच्च्या, उताराच्या, पावसानंतर निसरड्या. साडी नेसून जाऊ नका, मी पंजाबी ड्रेस घातला होता तरी काठ चिखलात. चांगले बूट हवेत. दोन्ही बाजू नीट बघायला तीन तास. खायचं बरोबर घ्या, पण ते बागेत बसून खा. ही अजून चालती दफनभूमी आहे, आम्ही असतानाच काळ्या कपड्यांतली एक मंडळी ताज्या मातीपाशी उभी होती. नातीला मी गप्प केलं, तिलाही कळलं. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो माझ्या गुडघ्यांचा.

बाहेर पडून क्रॉमवेल ॲव्हेन्यूला गेलो. शांत रस्ता, लाल विटांची घरं. ६५ नंबरवर निळी गोल पाटी: विनायक दामोदर सावरकर, १८८३ ते १९६६. घर लोकांचं राहतं आहे, रस्त्यावरूनच बघायचं. मी पाटी वाचली आणि पुन्हा वाचली. १८८३. आत्ताच तर हे साल त्या संगमरवरावर पाहिलं होतं, तिथे मरणाचं, इथे जन्माचं. त्यात जावयाने भर घातली की इंडिया हाऊसचं उद्घाटन केलं ते हिंडमन यांनी, आणि हे गृहस्थ म्हणजे इंग्लंडातले सुरुवातीचे मार्क्सवादी पुढारी. बाबांना आणि अण्णाकाकांना हे कुणी सांगितलं असतं तर त्या वर्षीचा गणपती जरा शांततेत गेला असता. किंवा विसर्जनापर्यंत भांडले असते.

रात्री घरच्या ग्रुपवर दोन्ही फोटो टाकले. अण्णाकाकांच्या मुलाने रत्नागिरीहून पाटीच्या फोटोला लगेच हात जोडले. मार्क्सच्या फोटोवर, माझ्या मिटल्या डोळ्यांसकट, दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा प्रश्न आला: "ताई, या दोन जागांमध्ये अंतर किती?"

मी लिहिलं, "माझ्या गुडघ्यांनी पंचवीस मिनिटं. मधे चढ आहे."